यंत्रं घ्याल, हात कुठून आणाल?

ऑलिंपिक संपलं की आपल्याकडे तोच वाद पेटतो. एक बाजू म्हणते, पदकं हवीत तर परदेशासारख्या प्रयोगशाळा उभारा. दुसरी म्हणते, पदकं मैदानावरच्या घामानं मिळतात, नळ्या लावून नाही. दोन्ही बाजू वाचून मला सारखाच संताप येतो. दोघांनाही फक्त यंत्रं दिसतात. ती हाताळणारा माणूस कसा तयार होतो, हे कुणी विचारतच नाही.

ग्लासगोत क्रीडाविज्ञान शिकायला आले तेव्हा सुरुवातीचे कित्येक आठवडे ट्रेडमिलवर कुणी धावलंच नाही. 3 लिटरची सिरिंज एका लयीत पुढेमागे ढकलायची आणि श्वासाची हवा मोजणारा फ्लोमीटर तेवढंच दाखवतो का ते पाहायचं. मग सिलिंडरमधल्या ठरावीक मिश्रणाच्या वायूवर श्वासातले वायू मोजणारा ॲनलायझर जुळवायचा. मग खोलीबाहेरची हवा, ऑक्सिजन 20.93 टक्के. आकडा हलला की पुन्हा पहिल्यापासून. लॅक्टेट, म्हणजे जोराच्या व्यायामात रक्तात वाढणारं द्रव्य, मोजायला कानाच्या पाळीला टोचण्याआधी घाम नीट पुसायचा आणि पहिला थेंब टिपून टाकायचा, कारण घामातही लॅक्टेट असतं आणि ते मिसळलं की आकडा फुगतो. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. हाताला यायला फार वेळ लागतो, कारण समोरचा माणूस धापा टाकत असतो आणि पुढचा टप्पा सुरू व्हायला जेमतेम अर्धं मिनिट उरलेलं असतं.

त्यानंतर खरा धडा. त्याच खेळाडूची तीच चाचणी दोन दिवसांनी घेतली तर आकडा वेगळा येतो. हा फरक किती असतो, हे आधी माहीत नसेल तर शिबिरानंतर ऑक्सिजनक्षमता दोन टक्क्यांनी वाढली याला काहीच अर्थ नाही. घामवाल्यांना मी हेच विचारते: खेळाडू सुधारला, हे तुम्हाला कळलं कसं? आपल्याकडे प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये उत्तर आधी ठरायचं आणि निरीक्षणं मागून भरली जायची. इथे वेडावाकडा आकडा तसाच शाईनं लिहावा लागतो आणि टेक्निशियन शेजारी सही करतो. हा फरक पैशांचा नाही.

इथलं सगळं निर्दोष आहे असंही नाही. स्किनफोल्डवरून, म्हणजे चिमटीत धरलेल्या कातडीच्या घडीच्या जाडीवरून, शरीरातली चरबी काढायला आजही सर्रास वापरलं जाणारं डर्निन आणि वोमर्स्लींचं 1974 चं समीकरण याच शहरात, इथल्याच माणसांवर बेतलेलं. त्याच उंची-वजनाला दक्षिण आशियाई शरीरात चरबी सरासरीनं जास्त असते. वर्गात माझ्या दंडावर ही जाडी मोजणारा कॅलिपर लावून कुणी आकडा वाचतं, तेव्हा मला ठाऊक असतं की हा हिशेब माझ्यासाठी मांडलेलाच नव्हता. आपल्या शरीरांची समीकरणं आपल्याच लोकांनी, आपल्याच मुलामुलींवर मोजून बसवायला हवीत, हे मी प्रत्येक वादात ठणकावून सांगते. आणि सांगते ती इथे बसून.

परतायचा विचार मनातून जात नाही. यंत्रं नसतील याची मला भीती वाटत नाही, ती येतीलच. भीती वेगळीच आहे. खेळाडू रांगेत उभे आहेत, साहेब घड्याळ बघताहेत आणि ॲनलायझरचा आकडा सरकलाय. अशा वेळी चाचणी थांबवते म्हणायला तिथे माझ्या बाजूनं कोण उभं राहील?