‘एकच पेपर चार ठिकाणी टाका’ म्हणणाऱ्यांना

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. “मावशी, पेपर तीन ठिकाणी एकदमच टाकू का? ग्रुपवर सगळे तसंच करा म्हणतायत.”

ती पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका मोडल लॉजिकमधलं (‘शक्य आहे’, ‘असलंच पाहिजे’ अशी विधानं मांडणारं तर्कशास्त्र) कुठलंही सूत्र दिलं, तर ते कधी सत्य ठरू शकतं की नाही, हे संगणकाला ठरवता येतं असं तिने सिद्ध केलंय. दोन वर्षांचं काम आणि आयुष्यातला पहिला पेपर. मी तो मेसेज मागवून घेतला. ‘इंटरनॅशनल कॉन्फरन्समध्ये पेपर लावण्याचे सहा मंत्र’, खाली नाव नाही, नुसते जोडलेले हात. गेल्या आठवड्यात तोच मेसेज मला आणखी दोन ग्रुपवर दिसला आणि त्यातला एक प्राध्यापकांचा आहे. म्हणून हे लिहितेय.

पहिला मंत्र: एकच पेपर चार परिषदांना एकाच वेळी पाठवा, कुठेतरी लागेलच.

सहांमधला हा सगळ्यात घातक. संगणकशास्त्रातल्या तर्कशास्त्रावरची ‘कॉम्प्युटर सायन्स लॉजिक’, म्हणजे सीएसएल, ही युरोपातली वार्षिक परिषद घ्या. तिचं ‘कॉल फॉर पेपर्स’, म्हणजे पेपर मागवणारं नियमांचं पान, दर वर्षी निघतं, कुणालाही वाचता येतं. त्यात सरळ म्हटलेलं असतं की तोच पेपर त्याच वेळी परीक्षण होणाऱ्या दुसऱ्या परिषदेला दिलेला चालणार नाही, आणि जवळचं काम कुठे दिलं असेल तर ते अध्यक्षांना कळवा. लिक्स या तर्कशास्त्रावरच्याच दुसऱ्या मोठ्या परिषदेत तोच नियम, एफएसटीटीसीएस या आपल्या भारतातल्या संगणकशास्त्राच्या परिषदेतही तोच. मंत्र लिहिणाऱ्याने हे एक पान उघडलं असतं तरी पुढचे पाच मंत्र सुचले नसते.

नियम सोडा, व्यवहार बघा. हे क्षेत्र लहान आहे. मोडल लॉजिकच्या निर्णेयतेवरचा, म्हणजे भाचीच्या कामासारखा, पेपर नीट तपासू शकतील अशी माणसं जगात मोजकी, आणि चारही परिषदा त्यांनाच विचारतात. काही वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात दोन वेगवेगळ्या परिषदांकडून माझ्याकडे तपासायला एकच पेपर आला. शीर्षकातले दोन शब्द बदललेले, बाकी सगळं तेच. चौथ्या लेमात, म्हणजे मुख्य सिद्धतेला लागणाऱ्या छोट्या प्रमेयात, ‘सर्व’च्या जागी ‘काही’ पडलं होतं, ती चूकसुद्धा दोन्हीकडे तश्शीच. मी दोन्ही अध्यक्षांना कळवलं आणि पेपर दोन्हीकडून परत गेला. सिद्धता चांगली होती, त्याचंच वाईट वाटलं. ती पहिल्या लेखकाची सुरुवात असावी, आणि हा सल्ला त्याला कुणीतरी वडिलकीच्या नात्याने दिला असणार.

शिवाय रिव्ह्यू करणाऱ्याला कुणी पैसे देत नाही. पंधरा पानांचा पेपर, मागे वीस-पंचवीस पानांचं अपेंडिक्स. एकेका लेमावर कागद-पेन घेऊन बसायचं, तर माझे तीन-चार दिवस जातात. तेच काम चार ठिकाणच्या बारा जणांकडून करून घ्यायचं आणि तिघांचं वापरायचं, हे मला पटूच शकत नाही.

यात अर्धं सत्य एवढंच, की परिषदेत छापून आलेला पेपर वाढवून, पूर्ण सिद्धतांसह, नंतर जर्नलला देता येतो. ही या क्षेत्रातली रूढ वाट आहे. पण ती एकामागून एक चालायची असते, आणि आधीचा पेपर कुठे आला हे सांगून.

दुसरा मंत्र: आधी फी भरा, ४८ तासांत स्वीकृतीपत्र मिळेल. फी घेऊन दोन दिवसांत होकार देणारी जागा पेपर वाचत नाही. २००५ साली एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी संगणकाकडून निरर्थक वाक्यांचा पेपर जुळवून घेतला, एका परिषदेला पाठवला, आणि तो परीक्षणाशिवाय स्वीकारला गेला. खऱ्या परिषदेत पेपर पाठवायला पैसे लागत नाहीत आणि उत्तराला दोन-अडीच महिने लागतात.

पैशांचा मुद्दा मात्र मला पूर्ण झटकता येत नाही. पेपर स्वीकारला की एका लेखकाने नोंदणी करून, स्वतः जाऊन तो मांडावा अशी अपेक्षा असते. सीएसएल २०२४ मध्ये नेपल्सला होती, २०२५ मध्ये ॲम्स्टरडॅमला. फेलोशिपवर जगणाऱ्या मुलीला तिकीट, व्हिसा, राहणं हे सोपं नाही. याबद्दल ओरड करा, मी तुमच्यासोबत आहे.

तिसरा मंत्र: सिद्धता देऊ नका, चोरतील. नुसता निकाल लिहा. सीएसएलचं तेच पान म्हणतं, की कामाचं मोल ठरवता येईल इतका तपशील पेपरात हवा. पूर्ण सिद्धता अपेंडिक्समध्ये द्या, ते वाचायचं की नाही हे रिव्ह्यूअर ठरवेल. म्हणजे मुख्य युक्ती पहिल्या पंधरा पानांतच दिसली पाहिजे. लॉजिकच्या पेपरातून सिद्धता काढली तर उरतं काय? आणि चोरीबद्दल: २००२ च्या ऑगस्टमध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी मूळ संख्या ओळखण्याची रीत इंटरनेटवर खुली ठेवली. जर्नलमध्ये ती २००४ ला आली. मधल्या दोन वर्षांत कुणी ती पळवली नाही, जग तिला या तिघांच्या आद्याक्षरांनी एकेएस म्हणतं.

चौथा: बाहेरचे आपले पेपर वाचतच नाहीत, आपापल्यांचेच घेतात. सीएसएलमध्ये पेपर निवडणाऱ्या प्रोग्रॅम कमिटीच्या सदस्यांना स्वतःचा पेपर देताच येत नाही. लिक्समध्ये अलीकडे लेखकांची नावं रिव्ह्यूअरपासून झाकलेली असतात. चेन्नईच्या सीएमआय आणि आयएमएससी या गणिताच्या संस्थांतून, पवईच्या आयआयटीतून या परिषदांत पेपर जात आलेत. आणि एफएसटीटीसीएस तर १९८१ पासून इथेच भरते, २०१९ मध्ये पवईलाच होती. तिची प्रोसीडिंग्ज, म्हणजे छापलेल्या पेपरांचा संग्रह, २००८ पासून लिपिक्स या ऑनलाइन मालिकेत येतात: कुणालाही फुकट वाचता येतात, हक्क लेखकाकडे राहतात. पुढे सीएसएलही त्याच मालिकेत आली. लहान कॉलेजातल्या मुलांना वाट दाखवणारं माणूस जवळ नसतं, हे खरं आहे. त्यांच्या हाती असा मेसेज पडतो तेव्हा म्हणूनच जास्त राग येतो.

पाचवा, परिषदेच्या पेपरला किंमत नाही: आपल्याकडच्या बढतीच्या तक्त्यात जर्नल जड असतं, मान्य. पण या विषयातले लोक नवा निकाल आधी परिषदेतच शोधतात.

सहावा, डेडलाइन वाढतेच: लिक्सच्या सूचनेत उशिरा आलेला पेपर विचारात घेणार नाही असं लिहिलेलं असतं. अनेक ठिकाणी मुदत ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ असते, पृथ्वीवर कुठेही ती तारीख संपेपर्यंत, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचपर्यंत. तेवढीच काय ती सवलत.

भाचीने एकच जागा निवडली आहे. तिची प्रस्तावना माझ्यासमोर आहे. दुसऱ्या पानावरची व्याख्या तिला कळते, मला तिसऱ्यांदा वाचूनही कळली नाही. आज रात्री ती तेवढं पान पुन्हा लिहून पाठवणार आहे.