बसच्या डावीकडची फट

भांडुपच्या घरी रविवारी व्हिडिओ कॉल लावला की गेले दोन महिने गाडी एकाच विषयावर येऊन अडते. आई बसमधून उतरत होती. बस नेहमीप्रमाणे फुटपाथला न लागता चार-पाच फूट आत, रस्त्यातच थांबलेली. आईचा एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, आणि तेवढ्यात बस आणि फुटपाथ यांच्या मधून एक बाइक सुसाट निघून गेली. हँडलचं टोक तिच्या कोपराला लागलं. हाड मोडलं नाही, पण कोपर महिनाभर काळंनिळं होतं. आता ती उतरण्याआधी मान बाहेर काढून मागे बघते, आणि मागचे लोक 'आजी, चला ना' म्हणून घाई करतात. तिचं म्हणणं सरळ आहे: गाड्यांच्या मधून घुसणाऱ्या प्रत्येकाचं लायसन्स काढून घ्या.

तिच्या शेजारीच माझा धाकटा भाऊ बसलेला असतो. तो रोज बाइकवरून भांडुपहून अंधेरीला जातो, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने. गाड्यांच्या मधून काढली तर पाऊण तास, रांगेत उभा राहिला तर दीड. 'रांगेत उभा राहून डंपरचा धूर खायचा, आणि मागून कोण येऊन ठोकेल त्याचा नेम नाही,' असं त्याचं उत्तर असतं. मग दोघं एकदमच मला विचारतात, 'तुमच्याकडे काय नियम आहे?' मी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला राहतो आणि आठशेऐंशी नंबरच्या हायवेवरून सॅन होजेला मोटरसायकलने कामाला जातो, तेही गाड्यांच्या दोन रांगांच्या मधून. त्यामुळे भावाला वाटतं मी त्याच्या बाजूने, आणि आईला वाटतं मी तरी तिचं ऐकेन.

कॅलिफोर्नियात हे कायदेशीर आहे. आधी कित्येक दशकं कायदा याबाबत गप्पच होता: परवानगी नाही, मनाईही नाही. 2016 मध्ये विधेयक आलं, गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी सही केली आणि 1 जानेवारी 2017 पासून दोन रांगांमधून मोटरसायकल नेण्याची व्याख्या थेट कायद्यात आली. सुरक्षिततेच्या सूचना तयार करण्याचं काम हायवे पोलिसांकडे गेलं. त्यांच्या सूचना साध्या आहेत. वेगातला फरक जितका जास्त तितका धोका जास्त. सगळ्यात डावीकडच्या दोन लेनच्या मधून (तिकडे वाहनं उजव्या बाजूने चालतात, म्हणजे रस्त्याच्या कडेपासून लांब) जाणं त्यातल्या त्यात बरं. मोठ्या ट्रकशेजारून जाऊ नका. आणि कारवाल्यांसाठीही एक सूचना आहे, जी मला फार महत्त्वाची वाटते: मोटरसायकल अडवायला मुद्दाम आडवं येणं किंवा दार उघडणं हा गुन्हा आहे.

या कायद्याच्या आधी बर्कलीच्या विद्यापीठात एक अभ्यास झाला होता. 2012-13 मधल्या अपघातांत सापडलेले जवळजवळ 6,000 मोटरसायकलस्वार त्यात होते आणि त्यातले 997 जण अपघाताच्या क्षणी गाड्यांच्या मधून जात होते. या 997 जणांमध्ये डोक्याला इजा झालेले 9 टक्के, बाकीच्यांमध्ये 17. मृत्यूंचं प्रमाण 1.2 टक्के विरुद्ध 3. मी हे वाचून दाखवल्यावर भावाने टाळीच वाजवली. पण त्याच अहवालात पुढे लिहिलंय की मधून जाणारे हे लोक बहुतेक कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळेत चालवणारे होते, चांगलं हेल्मेट घालणारे होते आणि त्यांच्यात दारू प्यायलेले कमी होते. मागून ठोकर बसण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी, पण पुढच्या गाडीवर जाऊन आपटण्याचं प्रमाण जास्त. आणि हा सगळा फायदा रहदारीचा वेग ताशी 80 किलोमीटरच्या आत असेल आणि तुमचा वेग तिच्यापेक्षा 24 किलोमीटरपेक्षा जास्त नसेल, तेव्हाचा. हे ऐकून टाळ्या थांबल्या.

वेगातला फरक, हीच माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली आहे. माझ्या शेजारची कार 20 ने सरकतेय आणि मी 35 ने जातोय, तर तिने अचानक लेन बदलली तरी ब्रेक लावायला वेळ मिळतो. ती उभी आहे आणि मी 50 ने आलो, तर नाही मिळत. जिथे जिथे विचार करून हे कायदेशीर केलं, तिथे आकडे याच हिशोबाने आलेत. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये 2014 पासून परवानगी आहे, पण ताशी 30 किलोमीटरपर्यंतच. शिकाऊ चालकाला नाही. फुटपाथच्या कडेने आणि उभ्या गाड्यांच्या बाजूने नाही. अमेरिकेतल्या युटा राज्याने 2019 मध्ये परवानगी दिली, तीही पुढच्या गाड्या पूर्ण थांबलेल्या असतानाच.

आपल्याकडे असं काहीच मोजून दिलेलं नाही. कायदा म्हणतो लेनमध्ये चालवा, उजवीकडून ओव्हरटेक करा. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत दंडही वाढले. रस्त्यावर मात्र कागदावरच्या दोन लेनमध्ये साडेतीन रांगा असतात आणि दुचाकी त्यांच्या मधून पाण्यासारखी वाहते. मधून जाणारा प्रत्येकच गुन्हेगार ठरवला, तर 15 ने जाणारा आणि 50 ने जाणारा यांच्यात फरकच उरत नाही. मग पोलीस कोणाला पकडणार? सिग्नलला जो हाताला लागेल त्याला.

गेल्या डिसेंबरमध्ये मी भावाच्या मागे बसून अंधेरीपर्यंत गेलो. गांधीनगरच्या चढाला त्याने दोन्ही आरसे आत वळवले. मला वाटलं सैल झालेत म्हणून नीट करतोय. तर नाही, फट अरुंद होती, आरसे बाहेर ठेवले तर गाडी जात नाही. म्हणजे जिथे मागचं दिसायची सगळ्यात जास्त गरज, तिथेच तो आंधळा होऊन चालवतो. माझे गुडघे मी आत ओढून घेतले होते. उजवीकडे टेम्पोचं चाक, डावीकडे रिक्षा, खाली पेव्हर ब्लॉक उखडून झालेला खड्डा. पुढच्या चाकाला तो चुकवायला जेमतेम वीतभर जागा. माझ्या हायवेवर हे नसतं. पट्टे ठळक असतात, रस्ता सपाट असतो, आणि आरशात मला पाहून कारवाले जरासे डावीकडे सरकतात. मी जाताना उजवा पाय बाहेर काढून आभार मानतो, तशी तिथे रीतच आहे. तेव्हा 'कॅलिफोर्नियात चालतं' एवढ्यावर मुंबईत ते सुरक्षित ठरत नाही, हे मी भावाला स्पष्ट सांगितलं.

पण आईलाही मी दुसरी गोष्ट सांगितली. भावाला हौस नाही. माझ्या फ्रीमाँटच्या शेजाऱ्याची मोटरसायकल रविवारी डोंगरात फिरायला आहे. भावाची बाइक म्हणजे घरातलं एकमेव वाहन. देशभरात 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. आणि मुंबईने या दुचाकीला चांगले, सलग, मोकळे रस्ते बंद ठेवलेत. सी लिंकवर बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी. जे.जे. उड्डाणपुलावरही. प्रत्येक बंदीला सुरक्षेचं कारण दिलं जातं, आणि प्रत्येक वेळी दुचाकी पुन्हा त्याच खालच्या रस्त्यावर येते, जिथे बस थांबते आणि माणसं उतरतात. समुद्रावरच्या वाऱ्याचा धोका मला मान्य आहे. पण हजारो कोटींचा रस्ता बांधताना शहरातल्या निम्म्याहून जास्त नोंदणीकृत वाहनांसाठी त्यावर कठडा घालून एक वेगळी पट्टी का सुचली नाही, हा प्रश्न मला दर वेळी सतावतो.

माझं मत असं: रहदारी थांबलेली किंवा रांगत असेल तेव्हा मधून जायला ताशी 20-25 किलोमीटरची स्पष्ट परवानगी द्या, तीही मधल्या किंवा उजवीकडच्या फटीतून. मोठ्या वाहनांच्या बाजूने नाही. हेल्मेट दोघांच्या डोक्यावर, पट्टा लावून. थांबलेल्या बसच्या डावीकडून जाणं मात्र पूर्ण बंद, तिथे वेग कितीही असो. त्याला मोठा दंड हवा आणि कॅमेरे चौकात लावता तसे बसस्टॉपवरही लावा. आणि बसने फुटपाथला लागूनच थांबलं पाहिजे; ती आत थांबते म्हणूनच ती फट तयार होते.

भावाने यातलं सगळं मानलं नाही. 25 च्या वेगावर तो हसला. पण बसच्या डावीकडून जाणार नाही, एवढं त्याने आईच्या समोर कबूल केलं. गेल्या रविवारी मी विचारलं, पाळतोस का? म्हणाला, कांजूरच्या स्टॉपला दोनदा थांबलो, मागचे हॉर्न वाजवत होते. आई स्वयंपाकघरातून ओरडली, 'वाजवू देत.'