शेती नेहमी विमानातून बघावी

विकसनशील देशाच्या शेतीत पैसा घालायचं मनात आलंय ना? मग एक पथ्य पाळा: जमीन नेहमी विमानातून बघावी. खाली उतरलं की पायाला ढेकळं लागतात, बुटात काटे शिरतात आणि कुठूनतरी एक म्हातारा काठी टेकत येतो आणि "इथं दर चार वर्षांनी पाऊस दगा देतो" असं सांगून सगळा उत्साह घालवतो. वरून हा त्रास नाही. वरून जमीन सपाट दिसते, ओसाड दिसते आणि मुख्य म्हणजे बिनमालकाची दिसते.

या पद्धतीला थोरामोठ्यांचा आधार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तेल-तुपाचं रेशनिंग होतं. तेव्हा टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, भुईमूग पेरून साम्राज्याचं पोट भरायचं ठरलं. 1946 मध्ये तज्ज्ञांचं एक पथक गेलं, बराचसा मुलूख विमानातून पाहून काही आठवड्यांत परत आलं आणि अहवाल तयार झाला: सुमारे 32 लाख एकर, खर्च अंदाजे अडीच कोटी पौंड. कोंग्वा नावाची जागा निवडली. तिथली माती पावसात चिखल होते आणि उन्हाळ्यात अशी आवळते की फाळ बोथट व्हावेत. त्यात बाओबाबची झाडं, म्हणजे आपली गोरखचिंच, बुलडोझरला दाद देईनात. मग युद्धातले शर्मन रणगाडे आणून त्यांचे ट्रॅक्टर केले. दारूगोळ्याशिवाय रणगाडा शेतात उतरवणं ही गांधीवादी कल्पना होती, पण माती बधली नाही. 1951 मध्ये योजना गुंडाळली तेव्हा साडेतीन कोटींहून जास्त पौंड बुडीत खाती गेले होते.

त्या भागात गोगो लोक पिढ्यान्पिढ्या गुरं राखत होते. दुष्काळ त्यांच्या ओळखीचा होता. एवढ्या चांगल्या रानात हे लोक शेतीपेक्षा गुरांवर भिस्त का ठेवतात, असा प्रश्न कुणाला पडला असता तर अडीच कोटींचा अंदाज करायचीही गरज पडली नसती. पण असे प्रश्न विचारायचे तर आधी विमानातून उतरावं लागतं.

आता भाषेकडे वळू, कारण या धंद्यात बियाण्यापेक्षा शब्द महत्त्वाचे. तुमच्या प्रेझेंटेशनमध्ये 'पडीक' हा शब्द पहिल्या तीन स्लाइडमध्ये आलाच पाहिजे. 'पडीक' म्हणजे जिथे कुणाची गुरं चरतात, कुणी सरपण गोळा करतं, कुणी दोन वर्षं पेरून पाच वर्षं मातीला विश्रांती देतं, पण ज्याचा कागद कुणाकडे नाही अशी जमीन. कागद नाही म्हणजे माणूस नाही, हे गणित एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे. 2007-08 मध्ये जगभर गहू-तांदळाचे भाव भडकले, भारतानेसुद्धा बिगर-बासमती तांदळाची निर्यात रोखली, आणि ज्यांनी आयुष्यात कुंडीत तुळस लावली नव्हती त्यांनाही शेतीचा उमाळा आला. जागतिक बँकेच्या हिशोबाने 2009 संपायच्या आतच सुमारे 5 कोटी 60 लाख हेक्टरांच्या सौद्यांच्या घोषणा झाल्या होत्या, त्यातल्या 70 टक्क्यांहून जास्त आफ्रिकेत. प्रत्यक्ष नांगर लागला तो जेमतेम पाचव्या हिश्शाच्या प्रकल्पांत. बाकीच्यांनी शेतीतला सगळ्यात सुरक्षित टप्पा गाठून तिथेच थांबायचं शहाणपण दाखवलं: घोषणा.

देश निवडताना सगळी जमीन सरकारची असेल असा बघा. दहा हजार शेतकऱ्यांच्या दारात चहा पिण्यापेक्षा एका मंत्र्याच्या केबिनमध्ये एक कप बरा. इथिओपियात 1975 पासून जमीन सरकारी आहे. म्हणूनच गुलाबाच्या फुलांत जगात नाव कमावलेली बंगळुरूची करुतुरी ग्लोबल ही कंपनी गंबेला प्रांतात गेली तेव्हा 2010 मध्ये तिला एका करारात 1 लाख हेक्टर जमीन मिळाली, आणखी 2 लाखांची आशा वेगळी. भाडं इतकं नाममात्र की आपल्याला ते भाडं म्हणायचीच लाज वाटावी. पण बारो नदीने करार वाचला नव्हता. 2011 मध्ये ती पात्र सोडून हजारो हेक्टर मक्यात शिरली. नदी दर पावसाळ्यात कुठवर येते हे काठावरच्या माणसांना ठाऊक होतं, पण ती माणसं करारात पक्षकार नव्हती. 2015 च्या अखेरीस सरकारने करार रद्द केला. कारण दिलं की कबूल केलेली जमीन लागवडीखाली आलीच नाही. आता एवढी जमीन घेऊन पुन्हा तिच्यात पेरायचंही, ही अपेक्षा जरा जास्तच नाही का?

आणखी एक, आकडा पेपरात जाऊ देऊ नका. मादागास्करमध्ये देवू लॉजिस्टिक्स या दक्षिण कोरियाच्या कंपनीने 13 लाख हेक्टर 99 वर्षांसाठी घ्यायचं ठरवलं. मका आणि पाम तेल पिकवायचं होतं. देशातल्या लागवडीयोग्य जमिनीचा जवळपास निम्मा भाग होता तो. नोव्हेंबर 2008 मध्ये बातमी फुटली. राजधानीत आधीच धुमसत असलेल्या असंतोषात हे तेल पडलं. मार्च 2009 मध्ये राष्ट्राध्यक्ष रावालोमानाना यांना खुर्ची सोडावी लागली आणि नव्या सत्ताधाऱ्यांनी पहिल्याच झटक्यात हा सौदा मोडीत काढला. पाम तेल निघालं नाही, सरकार मात्र निघालं. गुंतवणुकीचा इतका झटपट परिणाम एरवी बघायला मिळत नाही.

बाकी, स्वतः जायचं तर मुळीच नाही. हेन्री फोर्डने 1928 मध्ये ब्राझीलच्या तापाजोस नदीकाठी रबरासाठी अख्खं गाव वसवलं, फोर्डलांदिया. तिथे कधी पाऊल टाकलं नाही. झाडं ओळीत, दाट लावली, कारखान्यातल्या मोटारींसारखी, आणि पानांवरच्या करप्याला एका झाडावरून दुसऱ्यावर जायला पायवाटसुद्धा शोधावी लागली नाही. जंगलात हीच झाडं एकमेकांपासून लांब का उगवतात, हे रानात राबलेल्या रबर काढणाऱ्याला विचारता आलं असतं. 1945 मध्ये सगळं ब्राझील सरकारला मातीमोल विकलं.

एका प्रतिस्पर्ध्यापासून मात्र सावध राहा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2012 मध्ये सांगून टाकलं की विकसनशील देशांच्या शेतीत सगळ्यात मोठा गुंतवणूकदार परदेशी कंपनी नाही, सरकारही नाही, तर खुद्द शेतकरी आहे. तो बांध घालतो, विहीर खणतो, गाय घेतो, आणि याला कुठेही 'प्रकल्प' म्हणत नाही. त्याच्याबरोबर पैसा घालायचा म्हणजे गोदाम, रस्ता, वेळेवर मिळणारं कर्ज, अशी रटाळ कामं. त्यांचं फीत कापून उद्घाटन होतं खरं, पण फोटोत मागे क्षितिजापर्यंत पसरलेलं काही येत नाही. तुम्हाला हे जमणार नाही.

तुम्हाला चमत्कारी पीक हवं. माझा सल्ला विचाराल तर जट्रोफा, आपला मोगली एरंड. दोन हजारच्या दशकात ते डिझेलचं झाड म्हणून गाजलं. पाणी नको, खत नको, खडकाळ माळावर येतं, म्हणे. भारतात 2003 मध्ये योजना आयोगाच्या समितीने 2011-12 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के जैवइंधन मिसळण्याचं स्वप्न याच झाडावर टांगलं. आफ्रिकेतही माळच्या माळ लावले गेले. झाड खरोखरच माळावर जगतं, फक्त तिथे फारशा बिया देत नाही. पोटभर बिया हव्या असतील तर त्यालाही चांगली माती आणि पाणी लागतं, म्हणजे जिथे ज्वारी-मका येतो तीच जमीन.

तरी लावाच. कंपनी बुडाली तरी रोपं वाया जाणार नाहीत. त्याचा पाला गुरं खात नाहीत, म्हणून तुमच्या फलकाभोवती कुंपणाला उत्तम. गावातले लोक ते आजोबा-पणजोबांपासून कुंपणालाच लावत आलेत.