राखीव बिट आणि आपली टपरी

प्रोसेसरच्या मॅन्युअलमध्ये ‘हे बिट राखीव आहेत, वापरू नयेत’ असं वाक्य दिसलं, तर मुळीच दचकू नका. राखीव म्हणजे तुमच्यासाठीच राखीव. रस्तारुंदीसाठी सोडलेल्या जागेत टपरी टाकताना कोणी विकास आराखडा वाचत बसतं का?

मोटोरोलाचा ६८००० हा प्रोसेसर आठवा. रजिस्टर (चिपमधला आकडे ठेवायचा कप्पा) ३२ बिटांचं, पण मेमरीतल्या जागेचा पत्ता २४ बिटांचाच. वरच्या ८ बिटांत काहीही कोंबा, चिप ढुंकून बघत नसे. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये सगळी मिळून मेमरी १२८ किलोबाइट. तेव्हा ॲपलच्या मेमरी मॅनेजरनं त्या रिकाम्या पोटमाळ्यावर पाट्या लावल्या: हा ब्लॉक हलवू नये, हा अडचण आली तर फेकावा, हा रिसोर्सचा (चित्रं, मेनू वगैरे सामानाचा) आहे. (एवढ्या चणचणीत मीही तेच केलं असतं म्हणा.) घरमालकच माळ्यावर सामान टाकतोय म्हटल्यावर बाकीचे प्रोग्रॅमर कशाला मागे राहतात?

१९८७ मध्ये मॅक टू आला. त्यातल्या ६८०२० या नव्या प्रोसेसरच्या पत्त्याच्या ३२ च्या ३२ तारा जिवंत. आता ‘हलवू नये’ ही पाटी पत्त्याचाच भाग झाली. तुमचा डेटा पहिल्या मेगाबाइटमध्ये सुखानं नांदतोय आणि चिप जाऊन दार ठोठावते दोन गिगाबाइटपलीकडे. पण तुम्ही कोड बदलू नका. ॲपलनंही आधी वरचे बिट झाकायला मशीनमध्ये वेगळी चिप बसवली. पुढे १९९१ च्या सिस्टिम ७ मध्ये ‘३२ बिट ॲड्रेसिंग’ चालू-बंद करायचं बटणच दिलं. बंद ठेवलं की तुमचा प्रोग्रॅम खूश. आठ मेगाबाइटच्या वर पैसे मोजून घेतलेली रॅम बसली माशा मारत.

एएमडीनं हे बघून ६४ बिटांच्या वेळी कुंपण घातलं. पत्ता ४८ बिटांचा, उरलेल्या १६ बिटांत त्या ४८ पैकी सर्वांत वरच्या बिटाचीच नक्कल हवी, नाहीतर एक्सेप्शन, म्हणजे चिप काम थांबवून तक्रार करणार. हरकत नाही. पॉइंटर (पत्ता ठेवलेला आकडा) वापरण्याआधी वरचे बिट पुसा, काम झालं की परत लिहा. बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषांचे रनटाइम (प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) हेच करतात.

पुढे इंटेलनं पत्ता ५७ बिटांवर नेला, तेव्हा लिनक्सनं काय केलं? प्रोग्रॅमनं मुद्दाम मागितल्याशिवाय ४७ बिटांच्या वरचा पत्ता द्यायचाच नाही, असं ठरवलं. कारण वर तुमच्यासारख्यांचे संसार थाटलेले. आणि ६४ बिटी एआरएम प्रोसेसरमध्ये तर वरच्या अख्ख्या बाइटकडे दुर्लक्ष करायची अधिकृत सोय आहे. टपरी नियमित झाली. आता वीजमीटरचा अर्ज टाका.