जिनांनी टिळकांचा नेमका कोणता खटला लढवला?

टिळक जयंती ते पुण्यतिथी या आठ-दहा दिवसांत एक मजकूर दरवर्षी मोबाईलवरून फिरतो. १९०८ चा राजद्रोहाचा खटला टिळकांच्या वतीने बॅरिस्टर जिनांनी लढवला, इंग्रज ज्युरीने त्यांना एकमताने दोषी ठरवले, मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना मंडालेला धाडले आणि या न्यायालयाकडून त्यांना कधीच न्याय मिळाला नाही, असा त्याचा आशय. यात वेगवेगळ्या खटल्यांची सरमिसळ झाली आहे.

१९०८ मध्ये जिना न्यायालयात उभे राहिले ते जामिनाच्या अर्जापुरते, आणि तो अर्ज न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी फेटाळला. याच दावरांनी १८९७ च्या खटल्यात बॅरिस्टर या नात्याने टिळकांसाठी जामीन मागितला होता आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो मंजूरही केला होता, हे आठवले की त्या नकाराची बोच वाढते. पुढे बचाव टिळकांनी स्वतःच केला. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेऊन ‘केसरी’तल्या मराठी शब्दांचे इंग्रजीत काय झाले ते त्यांनी दाखवले आणि ज्युरीपुढे सुमारे एकवीस तास भाषण केले.

ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते, कौल सात विरुद्ध दोन असा पडला. तेव्हा ‘एकमत’ हा शब्द चुकीचा आहे. न्यायालयाने सुनावलेली शिक्षा सहा वर्षे काळ्या पाण्याची आणि एक हजार रुपये दंडाची होती. तिचे साध्या कैदेत रूपांतर करून टिळकांना साबरमतीहून मंडालेला नेले ते सरकारने.

मानव आणि राष्ट्रे यांचे भवितव्य ठरवणाऱ्या श्रेष्ठ शक्तीविषयीचे ते प्रसिद्ध उद्गार बचावाच्या भाषणातले आहेत, असेही हा मजकूर सांगतो. ज्या दालनात खटला चालला त्याच्या बाहेरचा संगमरवरी फलक वाचला तरी याचे उत्तर मिळते, कारण ज्युरीचा कौल काहीही असला तरी मी निर्दोष आहे, अशीच त्या उद्गारांची सुरुवात आहे. कौल लागल्यानंतरचे आणि शिक्षा सुनावण्याआधीचे ते बोल आहेत.

राहिला या न्यायालयाकडून टिळकांना कधीच न्याय मिळाला नाही, हा दावा. १९१६ मध्ये बेळगाव आणि अहमदनगर येथील स्वराज्यावरील भाषणांबद्दल पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन मागितले. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जिना उभे राहिले. सुटी वाक्ये उचलून नव्हे, तर भाषणे समग्र वाचून त्यांचा अर्थ लावला पाहिजे, अशी भूमिका घेऊन न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी ९ नोव्हेंबर १९१६ रोजी तो आदेश रद्द केला. जिनांनी टिळकांसाठी जिंकलेला खटला तो हाच, आणि तो याच न्यायालयात.