पुन्हा तेच २०डब्ल्यू-५०!

मेकॅनिकने इंजिनात ते जाड ऑइल ओतलंच शेवटी! पातळ ५डब्ल्यू-३०चा सीलबंद डबा मी स्वतः त्याच्या हातात दिला होता. काल गाडी घेऊन निघालो तर पाळधी यायच्या आत धक्के सुरू. तसाच माघारी फिरलो. माझा डबा कोपऱ्यात जसाच्या तसा, शेजारी २०डब्ल्यू-५०चा रिकामा. वर मलाच ऐकवतो, "भाऊ, ऊन कितलं शे! पातय ऑइल टिकाव नही."

अरे, मे महिन्यात भुसावळात ४५ डिग्री असतं, मान्य. पण चालत्या इंजिनात ऑइल नव्वद-शंभरला जातंच, गाव कुठलंही असो. त्या ५डब्ल्यू-३०मधला ३० हा जाडपणाचा आकडा शंभर डिग्रीवरच ठरलेला असतो. आणि व्हीव्हीटीत, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेत, ऑइल नुसतं वंगण नाही, ते व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, कॅमचा, कोन त्याच्याच दाबावर बदलतो! ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ऑइल सोडणाऱ्या व्हॉल्व्हला हुकूम देतो, ऑइल कॅमच्या टोकाला कोन बदलणाऱ्या फेजरमध्ये शिरतं, इनटेक कॅम पुढे-मागे सरकतो. दोन हजार आरपीएमला कॅम वीस अंश पुढे हवाय आणि ऑइल रखडत पोचतंय, मग पाय स्थिर असतानाही गाडी आधी मान टाकते, मग उसळते. कन्नड घाटात मागे ट्रक असताना हे झालं म्हणजे?

यावर यांचा इलाज काय? "रीमॅप मारून देतो, मक्खन चालेल." म्हणजे ईसीयूतले आकडेच बदलायचे. स्कॅनर लावून ईसीयूने मागितलेला कॅमचा कोन आणि प्रत्यक्ष कोन शेजारी ठेवून बघायचं नाही. पी००११ हा कॅमच्या कोनातल्या बिघाडाचा कोड आला की कोड खोडायचा, सेन्सरवर ढकलायचं, बिल फाडायचं. ऑइलच्या व्हॉल्व्हची बारीक जाळी काढून बघणारा मेकॅनिक मला अजून भेटायचाय. एअर फिल्टरला हवा मारून नव्याचे पैसे लावणारे मात्र गल्लोगल्ली.

आणि रीमॅप तरी धड? गेल्या वर्षी धुळ्यात एकाने केलेला. कॅमच्या कोनाच्या टेबलात दोन हजार आरपीएमला दहा अंश, अडीच हजारला थेट तीस! मधली घरं हळूहळू चढवायला नकोत? गाडी स्मूद होते ती तिथे, आणि तेही ऑइल, जाळी, फेजर नीट असेल तरच. त्याला फक्त टॉप एंडची पॉवर दाखवायची होती. जळगाव-एरंडोल रस्त्यावर साडेसहा हजार आरपीएमला कोण चालवतं रे?

आज संध्याकाळी गाडी परत त्या २०डब्ल्यू-५०वाल्या मेकॅनिकच्याच दारात लावतोय. ते ऑइल माझ्यासमोर काढायचं, फिल्टर नवा टाकायचा, आणि एक पैसा मागायचा नाही.