कुत्रं चावलं? घाई कसली!

कुत्रं चावलं की आधी चौकशी करावी. जखमेची नव्हे, कुत्र्याची. कुठल्या आळीतलं, कोणाच्या दारचं, याआधी कोणाला चावलं होतं का, पोरानेच काही खोडी काढली होती का. पोरगं ओट्यावर रडत बसलं असेल तर बसू द्या. पोटरीवर उमटलेले दात कुठे पळून जात नाहीत. कुत्रं जातं. म्हणून दोन जाणती माणसं त्याच्या मागावर धाडावीत आणि "पाटलांच्या वाड्यावरचंच आहे" असा निरोप आला की निर्धास्त व्हावं. घरंदाज कुत्र्याच्या लाळेत शिरायची रेबीजच्या विषाणूची हिंमत होत नाही, यावर आपल्याकडे सर्व पक्षांचं एकमत आहे.

अनोळखी निघालंच, तर ते पिसाळलेलं होतं का ते आठवा. जीभ बाहेर, लाळ गळतेय, दिसेल त्याच्या अंगावर धावतंय, यातलं काही नसलं की विषय संपला. रेबीज झालेली काही कुत्री उलट गप्प होतात, कोपरा धरून बसतात, त्यांचा जबडा लोंबतो, आणि घशात हाड अडकलं असेल म्हणून घरचाच कोणीतरी त्यांच्या तोंडात हात घालतो. पण अशा सभ्य कुत्र्यांवर संशय घेणं आपल्या संस्कारात बसत नाही. मांजराचा ओरखडा तर कोणी मोजतच नाही. माकड मारुतीचं, आणि मुंगूस दिसणं शुभ.

आता उपचार. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, साबणाने ते फुटतं आणि धोका तिथल्या तिथेच बराच उतरतो म्हणे. पण दहा रुपयांच्या वडीने बरा होणारा रोग लोकांना सांगायचा कसा? शिवाय नळाला पाणी किती वाजता येतं हे त्या संघटनेला काय ठाऊक. त्यापेक्षा स्वयंपाकघरात जावं. तिखट दाबून भरावं, नसेल तर चुना, हळद, तंबाखू, जे हाताशी येईल ते. पोरगं किंचाळलं तर विष उतरतंय. नाही किंचाळलं तर अजून एक चिमूट.

तरीही कोणी शहाणं माणूस डॉक्टरकडे न्याच म्हणून हटून बसलं, तर जवळच्याच डॉक्टरकडे जावं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन परत यावं. कुत्रं वेगळं, धनुर्वात वेगळा, असले बारकावे काढत बसू नये. सुई टोचली, पैसे दिले, दंड दुखला; एवढ्यावर समाधान होत नसेल तर दोन टाके घालून घ्या. अशी जखम शक्यतो शिवू नये, शिवायचीच तर आत सिरम, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं, सोडल्यावर शिवावी, असं पुस्तकात असतं. पण उघडी जखम घेऊन पेशंट बाहेर पडला तर दवाखान्याची काय शोभा राहिली?

निघताना डॉक्टर सांगतील, "दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा." हे दहा दिवस मात्र अगदी शास्त्रोक्त आहेत बरं का. शास्त्रात लस आजच सुरू करायची असते आणि मग कुत्र्याकडे बघायचं असतं. ते दहा दिवसांनीही ठणठणीत असेल तर पुढचे डोस थांबवता येतात. आपण यातलं पहिलं वाक्य गाळलं आणि दुसरं तोंडपाठ केलं. शिवाय ज्या कुत्र्यावर लक्ष ठेवायचं ते पुढच्या गावी गेलेलं असतं.

लसीचं नाव निघालं की आजी पोटातल्या चौदा इंजेक्शनांची कथा काढते. काढू द्या. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली लस होती. डेव्हिड सेम्पल यांनी १९११ साली कसौलीला ती तयार केली आणि २००५ च्या सुमारास ती देशातून गेलीसुद्धा. पण पोटातून गेली, आठवणीतून नाही. आता दंडावर कातडीत बारीक टोचतात, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत देत असतील तर १४ व्या दिवशीही. इतकं सोपं सांगितलं तर आजीचा मान राहत नाही.

सरकारी केंद्रात गेलातच, तर तिथेही निराशा होणार नाही याची काळजी घेतलेली असते. कुठे लस दंडाऐवजी कुल्ल्यावर देतात, जिथल्या चरबीत ती नीट लागू पडत नाही. कुठे पोर लहान म्हणून डोस अर्धा, जणू विषाणूनेही हाफ तिकीट काढलंय. कातडीत द्यायची असेल तर कुपी एकदा फोडल्यावर काही तासांत संपवावी लागते, म्हणून "चार पेशंट जमू द्या, मग फोडू". आणि खोल जखमेत सोडायचं सिरम, ज्यातल्या तयार प्रतिपिंडांवर लस लागू पडेपर्यंतचे पहिले दिवस निभावायचे असतात, ते जिल्ह्याला मिळतं. काही ठिकाणी तेही सगळं कुल्ल्यातच जातं आणि जखम कोरडी राहते. सिस्टरवर ओरडू नका. तिने हे कुठे शिकायचं होतं? तिचं अर्धं आयुष्य रजिस्टर भरण्यात जातं.

१८८५ च्या जुलैत अल्सासमधल्या एका आईने नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला चावा बसल्यावर दोन दिवसांत पॅरिसला, रेबीजची पहिली लस बनवणाऱ्या पाश्चरच्या दारात उभं केलं. बाईला काही कामधंदा नसावा. आपल्याकडे तालुका बारा किलोमीटरवर, पण सुगी चालू, बैल आजारी, आणि दुसऱ्या डोसनंतर पोरगं खेळायला लागलं म्हणजे बरंच झालं की!

आळस मात्र करू नये. गावात म्हैस पिसाळून मेली की आपली जागरूकता बघावी: तिच्या दुधाचा चहा प्यायलेली सारी वाडी सकाळी आठला केंद्रावर हजर. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही, हे सांगणाऱ्या डॉक्टरला आत कोंडून ठेवायची तयारी. त्या रांगेत चावा बसलेलं पोरगं नसतं. त्याने चहा घेतलेला नसतो.

गोव्याचं अनुकरणही टाळा. तिथे लोकांनी जाळी घेऊन गल्लोगल्ली कुत्री पकडली, टोचली, सोडून दिली, शाळेत पोरांना शिकवलं, आणि २०२१ साली राज्याने जाहीर केलं की तीन वर्षांत रेबीजने माणूस गेलेला नाही. आपल्याकडे कुत्री मारायची की पुजायची यावरच अजून सभा चालू आहे. देशाने रेबीज संपवायला २०३० हे साल धरलंय. सभेला वेळ आहे.

मग महिना-दोन महिने जातात, क्वचित वर्षसुद्धा. जुन्या जखमेच्या जागी मुंग्या येतात. पोरगं पाण्याचा पेला बघून दचकतं, घशात आवळतं, पंख्याच्या वाऱ्यानेही शहारतं. इथे वैद्यकशास्त्र हात टेकतं, कारण लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कोणीच वाचत नाही. म्हणून देवऋषी बोलवावा. बाहेरचं लागलंय हे तो लगेच ओळखतो, लिंबू-नारळाची यादी देतो, आणि त्यात दोन दिवस जातात.

सगळं आटोपल्यावर तालुक्याहून आरोग्य खात्याची गाडी येते. माणसाकडून माणसाला असा रेबीज झाल्याची उदाहरणं जवळजवळ नाहीतच, तरी लाळेचा संबंध आला असेल म्हणून घरच्यांना लस घ्यायला सांगतात. घरची, शेजारची, शेवटचं पाणी पाजायला गेलेली मंडळी एकाच जीपमधून जातात, आणि एकही तारीख न चुकवता सगळे डोस पूर्ण करतात.